माडावरचे तांबडे पट्टे

अजून त्या साकवावरून जाताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. वहाळावर आडवा टाकलेला तो माड माझा आहे. त्याच्या खोडावर माझी अकरा वर्षांची मेहनत आहे, आणि लोक तिच्यावर चिखलाचे पाय देऊन बाजाराला जातात.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो तेव्हा दोनच गोष्टी ठरवल्या होत्या. चित्रं काढायची आणि बायकोला घेऊन फिरायचं. चित्रं बेताचीच निघाली. मी होड्या काढल्या की बायकोला त्या चपला वाटायच्या. पण उरलेल्या तांबड्या ऑइलपेंटने मला दुसराच छंद लावला. खाडीच्या काठाला आमच्या सामाईक जमिनीत एक माड होता. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाचं पाणी वर्षात सगळ्यात उंच जिथवर चढेल, तिथे मी खोडावर पट्टा ओढायचो आणि शेजारी आकडा घालायचो.

"माड वाढलो की पट्टो पण वर जातलो," असं गावात सगळे म्हणायचे. माड शेंड्याकडून वाढतो, खोडावरची खूण जिथल्या तिथे राहते, हे मी वर्गात घसा फोडून शिकवलं होतं. त्यातलेच विद्यार्थी मोठे होऊन मला हे ऐकवत होते! असो. पाणी खरंच वर येतंय का, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. एखाद्या वर्षी पट्टा खाली यायचा, पण एकंदरीत दर वर्षीचा नवा पट्टा आधीच्यांच्या वर पडत होता.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पंधरा दिवस कन्याकुमारीकडे गेलो. तिथे भरती-ओहोटीत फारसा फरकच दिसेना. चंद्र तोच, मग आमच्याकडे पाणी एवढं का चढतं? तळाचा उतार, किनाऱ्याचा आकार, सगळं मी बायकोला वाळूत काठीने काढून समजावलं. शेवटी ती म्हणाली, "आता चहा घेऊया?"

परत आलो तर काठावर माड नाही. खुंटसुद्धा जेसीबीने उपटून खड्डा बुजवलेला. चुलत भावाने जमिनीतली सुरूची झाडं लाकूडवाल्याला दिली होती, आणि आमच्याकडे तोडायला दिलेल्या झाडाला तांबडा पट्टा मारून नंबर घालतात.

"रे, पट्टे तूच मारलंस मां?" भाऊ मलाच विचारतो. "वर आकडे घातलंस. लाकूडवालो म्हणालो, ह्यो पण दिलेलो. मी थंय नव्हतंय."

"नारळ धरलेला माड कोण विकतो रे?" मी ओरडलो. इथे माडावर कोयता चालवायच्या आधी माणसं हात जोडतात, आणि ह्याला एक फोन करायला जमलं नाही. त्या दिवशी मी त्याला जे बोललो ते या वयात शोभणारं नव्हतं. पण मागे घेणार नाही. यंदा गणपतीला त्याच्याकडे आरतीला उभा राहिलो, बोललो मात्र नाही.

खरा राग माझा माझ्यावर आहे. वहीत का लिहिलं नाही, असं विचाराल. लिहिलंय की! तारीख लिहिली आहे, पट्ट्याचा क्रमांक लिहिला आहे. उंची लिहिली नाही. उंची माडावर होतीच ना! प्रयोगवहीत एवढी चूक करणाऱ्या मुलाला मी बाकावर उभं केलं असतं.

माडाचा साकव केलाय असं कळलं तेव्हा टेप घेऊन धावलो. वरचे पट्टे होते, त्यांचे आकडेही होते. पण वहाळावर बसावा म्हणून बुंधा सुरुवातीच्या पट्ट्यांसकट तोडून टाकला होता. मोजायचं कुठून? मी साकवावर ओणवा होऊन शिव्या देत होतो, तेवढ्यात खाडीला लागून राहणारी शेजारची म्हातारी तिथे आली.

"काय मोजतास, मास्तरानू?"

"पाणी किती वर आलं ते, काकी. आता कळायचं नाही."

"तेका माड कित्याक व्हयो?" ती म्हणाली आणि मला तिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात घेऊन गेली. "माझा भात उकडूचा चुलवण आदी थंय होता." त्या मोठ्या चुलीची जुनी जागा तिने काठीने दाखवली ती थेट खाडीत. "मगे हंय मांडलंय. आता ह्या घराच्या भिंतीक टेकला. मागे जागा नाय."

"इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?" मी तिच्यावरही खेकसलो.

"तुमी माडाक इचारी होतास. माका कोणी इचारल्यान?"

हातात टेप होताच. त्याचं एक टोक तिने चुलवणाच्या दगडावर दाबून धरलं आणि दुसरं घेऊन मी पाण्याकडे निघालो. मला फार चालावं लागलं नाही.