खरबरीत वाटी

गल्लीतल्या रिवायंडिंगवाल्याने आज जळालेल्या मोटारीची तार पेटवली. रोगणाचा तो कडू वास घरात शिरला आणि मला भडगावचं आमचं अंगण दिसलं, शेगडीपुढे घामाघूम बसलेले आबा दिसले.

मायला साखरेचा आजार. तिच्या तळपायांची आग व्हायची, म्हणून आबा रोज तूप लावून काशाच्या वाटीने तिचे पाय घासत. एक दिवस ती वाटी ओट्यावरून पडली आणि तडकली.

"नवी आणा ना," मी म्हटलं.

"बाजारमा समदी भेसळ शे," आबा म्हणाले.

त्यांनी जुन्या मोटारीची तांब्याची तार जाळून साफ केली, कल्हईवाल्याकडून कथील आणलं. कूलरच्या पंख्याने शेगडी फुलवून दोन्ही मुशीत वितळवलं आणि तो रस वाळूच्या साच्यात ओतला. वाटी निघाली ती काळपट, जाड, खरबरीत. कितीही घासली तरी गुळगुळीत होईना.

तरी संध्याकाळी ते तूप घेऊन मायच्या पायाशी बसले.

"कसं वाटस?"

"बरं वाटस," माय डोळे मिटून म्हणाली.

थोड्या वेळाने तुपात रक्त दिसलं. आबांचा हात जागीच थांबला. माय मात्र म्हणतच होती, "असंच घासा. बरं वाटस."

ती आबांचं मन राखत होती, असं मी कित्येक वर्षं धरून चालले. आता साखर मलाही आहे. काल माझ्या टाचेत काच रुतली, ती लादीवरचं रक्त पाहिल्यावर कळली.