शिक्क्याची शाई

परवा पोस्टात शिक्क्याच्या शाईचा वास आला आणि मी एकदम ऐंशीच्या दशकातल्या सौंसरच्या शाळेत जाऊन उभा राहिलो.

हेडमास्तर निवृत्त झाले होते. आम्हा शिक्षकांत कुसुमबाई माझ्याहून अकरा वर्षांनी सीनियर. शाळा खरं तर त्याच सांभाळत होत्या. तरी तपासणीला आलेले साहेब मला म्हणाले, "चार्ज तुमी घ्या. बाईमाणसाले छिंदवाड्याच्या जिल्हा ऑफिसच्या चकरा कुठं जमतात?"

मी मान डोलावली.

बाईंनी स्वतः टेबल पुसलं आणि शिक्का, शाईची डबी माझ्यापुढे ठेवली. त्यांची बोटं जांभळी झाली होती. हळूच त्यांनी विचारलं, "सर, खरं सांगा. मले जमलं नसतं का?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मैदानावर पोरांचा गलका चालू होता. बाई थोडा वेळ थांबल्या, मग वर्गावर गेल्या. महिन्याभरात बदली मागून त्या मोहगावला निघून गेल्या.

पुढे वरच्या ऑफिसात गेल्यावर मी भांडून दोन शिक्षिकांना हेडमास्तरकी मिळवून दिली. लोकांनी कौतुक केलं. ते ऐकताना दर वेळी बाई समोर दिसायच्या, उत्तरासाठी थांबलेल्या. 'जमलं असतं' एवढंच सांगायचं होतं. मोहगाव बसनं जवळच होतं. मी कधी गेलो नाही.