जावेचा वाटा

आईला वास येईनासा झाला, हे सगळ्यात आधी काकीला कळलं आणि सगळ्यात शेवटी मला. मी अंधेरी पूर्वेला विम्याच्या एका ऑफिसात क्लेमच्या फायली तपासते. दिवसभर परक्या लोकांचे आजार वाचायचे, आणि घरी आल्यावर कोणी आजाराबद्दल बोलू नये एवढीच अपेक्षा असते. आईनेही कधी बोलून दाखवलं नाही.

आई आणि काकी सख्ख्या जावा. दोघींनी उभा जन्म मासळी विकली. पहाटे धक्क्यावरून माल एकत्र उचलायच्या, बाजारात एकाच फळीवर शेजारी बसायच्या आणि भांडायच्याही एकमेकींशीच. मासळी ताजी आहे का ते कल्ल्यांवरून कळतं, बोटाने दाबून कळतं. पण दुपार झाली, बर्फ वितळला, की कोळंबीचं खरं काय ते नाकालाच कळतं. आईचं नाक त्यात पटाईत होतं. मग कधीतरी ती मूठभर कोळंबी उचलून काकीच्या तोंडापुढे धरायला लागली. माल चांगला असला तर काकी मान डोलवायची, नाहीतर तोंड फिरवायची. तोंड फिरवलं की आई तो माल गिऱ्हाइकाला दाखवायचीच नाही. अशी कित्येक वर्षं काकी आईचं नाक झाली होती, आणि त्या दोघींनी ते कोणालाही कळू दिलं नाही. मासळीवालीला वास येत नाही हे बाजारात फुटलं असतं तर आईची वाट लागली असती.

पुढे आईचा उजवा हात थरथरायला लागला. चालताना तो हलेनासा झाला, ती पाय घासत चालू लागली. तेव्हा पार्किन्सन हा शब्द घरात आला. डॉक्टरीणबाईंनी वास कधीपासून येत नाही असं विचारलं, आणि मी "येतो की" म्हणेपर्यंत काकी मागून बोलली, "तिचं नाक कवाच गेलंय." मला राग आला होता, तो कोणावर हे मात्र कळेना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगायची हौस असलेल्या. मेंदूतल्या ज्या पेशी हालचालींना लागणारं रसायन बनवतात त्या मरत जातात, हात थरथरेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात, म्हणाल्या. एक प्रथिन वाकडं दुमडून साठायला लागतं, त्याची गुठळी होते, एका पेशीतून दुसरीत पसरते. बऱ्याच जणांत ते नाकाच्या वाटेवर आधी साठतं, काहींत आतड्यात, असा आता संशोधकांचा अंदाज आहे. बाजारात मिळणाऱ्या गोळ्या थरथर कमी करतात, पण पेशी मरायच्या थांबवत नाहीत. ते थांबवणारं औषध अजून कोणाकडे नाही.

मग त्यांनी सांगितलं की तशा एका औषधाची चाचणी पवईच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात चालू आहे, आई त्यात बसू शकेल.

त्याच्या आगेमागेच काकीलाही तोच आजार निघाला. दोघी रक्ताच्या नव्हेत, आजार काही शिवून होत नाही, तरी एकाच घरात दोघींना. योगायोग म्हणायचा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकीचं नाक मात्र शेवटपर्यंत शाबूत होतं, सगळ्यांचाच वास जातो असं नाही म्हणे. काकीलाही चाचणीत घ्या म्हणून मी विचारलं. पण तिच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, आणि नवीन औषध हृदयाला काय करतं ते अजून नीट कळलेलं नव्हतं. काकीला नाही म्हणाले. काकी म्हणाली, "बरं." आई काहीच बोलली नाही, आणि ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

चाचणीत निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार होतं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल. कोणाला काय, ते ना पेशंटला ठाऊक ना डॉक्टरांना. चाचणीचं काम बघणाऱ्या मुलीने आईला सगळे कागद मराठीत वाचून दाखवले, अगदी शांतपणे, पानापानाला थांबून. ही औषधं दुसऱ्या कोणालाही देऊ नका, हेही वाचलं. आईने मान डोलावली, सही केली.

तिथून माझं महिन्याला एक सुट्टी घेणं सुरू झालं. रिक्षाने जोगेश्वरीवरून पवईकडे जायचं, रस्त्याच्या खोदकामात अडकायचं, आईला वेळेवर पाणी पाजायचं, बाथरूमला न्यायचं. मग तिला सरळ रेषेत चालवून बघणार, बोटं आपटायला लावणार, शब्द आठवायला लावणार. रिकामी पाकिटं परत द्यायची आणि नवीन घ्यायची. हिशेब नेहमी चोख लागायचा. ती मुलगी कौतुकाने म्हणायची, आजी एकही गोळी चुकवत नाहीत. मला खरं सांगायचं तर त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं. विज्ञानाला आपण मदत करतोय वगैरे जे त्या पुस्तिकेत छापलं होतं ते वाचून मला फक्त झोप यायची. तरी आत कुठेतरी आशा होती. खोटी कॅप्सूल इतरांना मिळत असणार आणि आईला खरी, असं तिथे बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं, तसंच मलाही.

एका रविवारी काकीकडे गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती, चक्कर येते म्हणाली. मशेरी दे जरा, म्हणाली. मी फळीवरून डबी काढली, उघडली. आत मशेरी नव्हती. कात्रीने कापलेल्या पाकिटाचे चंदेरी तुकडे होते, त्यात कॅप्सूल. वर नाव नाही, नुसता आकडा. तो आकडा मी दर महिन्याला बघत होते. मी चुकीची डबी उतरवली होती.

मी काकीला विचारलं नाही. सरळ घरी आईकडे गेले, आमचं घर दोन दारं सोडूनच आहे. आईने लपवायचा प्रयत्नही केला नाही.

बाजार उठायच्या वेळी उरलेल्या मालाचं दोघी काय करायच्या ते मी लहानपणापासून बघितलं होतं. एकीने दोन वाटे लावायचे आणि दुसरीने आधी उचलायचा. म्हणजे लावणारी वाटे अगदी सारखे लावते. एकच पापलेट उरलं तरी ते कापून. आईने औषधाचंही तेच केलं होतं. महिन्याचं पाकीट आलं की दोन ढीग करायची आणि काकीला म्हणायची, उचल. काकी उचलायची. दोघी एक दिवसाआड घेत होत्या आणि रिकामी पाकिटं गोळा करून आई ती माझ्या हातात द्यायची, परत करायला.

मी म्हटलं, तुला वाचून दाखवलं होतं ना, दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही.

आई म्हणाली, "ती दुसरी कुठं हाय? माजं नाक व्हती ती. एवढी वरसं मी तिच्या नाकानं धंदा केला, आन आता औषद एकटीनं खाऊ?"

मी ओरडले. तिच्या हृदयाचं तुला माहीत होतं, उद्या तिला काही झालं तर, हे सगळं बोलले. आई थरथरत्या हाताने पदर सारखा करत राहिली. तिला काकीच्या हृदयाचं कळत नव्हतं असं नाही. पण मिळालेल्या गोष्टीतला वाटा न देणं हे तिच्या हिशेबात त्याहून वाईट होतं. आणि मला दोन्ही बाजू दिसत होत्या. याचाच थकवा जास्त येतो.

सांगितलं तर आईचं औषध जाणार आणि नाही सांगितलं तर कदाचित काकी. तो आठवडा मी ऑफिसात एकाच फाईलवर बसून काढला. मग हॉस्पिटलात फोन करून सांगितलं.

कोणी रागावलं नाही. चाचणीच्या मुख्य डॉक्टर मोठ्या वयाच्या होत्या. त्यांनी आधी काकीला बोलावून घेतलं, तिच्या हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, आणि ठीक आहे म्हणून पाठवलं. चक्कर बहुतेक रक्तदाबाची होती. आईचं औषध मात्र बंद झालं. पण तपासणीला येत राहा, म्हणाल्या. एकदा चाचणीत आलेलं माणूस शेवटपर्यंत मोजलं जातं, त्याने औषध अर्धं घेतलं असो की मुळीच घेतलं नसो, कारण उद्या खऱ्या घराघरांतही लोक असंच करणार. मला हे त्या सगळ्या काळात ऐकलेलं एकमेव समजूतदार वाक्य वाटलं. मी आईला ते सांगितलं. आईने विचारलं, आणि माझी जाऊ? तिला कोण मोजतंय? तिला कोणी मोजत नव्हतं.

आई माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवण वाढलं तर जेवायची, हॉस्पिटलात चल म्हटलं तर यायची, पण बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "तू तिच्या ताटातला घास काढलास." मी म्हटलं, तुझ्याही ताटातला काढला. तर म्हणाली, "माजं सोड."

काकी पुढच्या पावसाळ्यानंतर गेली. हृदयाने नाही. या आजारात गिळणं बिघडतं, अन्न श्वासाच्या वाटेला जातं, आणि फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो. तसंच झालं. शेवटच्या दिवसांत तिला पातळ पेज भरवताना आई उशाशी बसून असायची, आणि एकदा मी काकीसाठी जवळ्याची आमटी केली तर काकी नुसत्या वासावर खूश झाली. चव घेता येत नव्हती तिला. "जवळा करपलाय, बाय," एवढं वासावरून ओळखून म्हणाली. आई तिच्याकडे बघून हसली. पुष्कळ महिन्यांनी हसली होती.

बाराव्याला आलेल्या बायकांना मात्र आई सांगत होती, औषद चालू रायलं असतं तर जगली असती ती. माझ्यासमोर सांगत होती. एका चुलत्याने तिला गप्प केलं. मी चहाचे कप गोळा करत होते. तेव्हापासून ते वाक्य माझ्यासोबत आहे. औषध लागू पडणारं निघालं, तर? काकीच्या त्या महिन्यांचं काय? मी रात्री झोपायचे, सकाळी उठायचे, कामाला जायचे, पण त्या औषधाचं काय ठरतंय यावर माझं काहीतरी अडकून पडलं होतं.

यंदा चाचणी संपली आणि हॉस्पिटलने सगळ्यांना बोलावलं. एका हॉलमध्ये खुर्च्या, समोसे, वेफर्स, चहा. हातात काठ्या, वॉकर, सोबतीला मुलं आणि सुना. एकमेकांना इतक्या वेळा बघून तोंडओळख झालेली. मुख्य डॉक्टर उभ्या राहिल्या आणि त्यांनी फार न फिरवता सांगितलं की या औषधाने आजार मंदावत नाही. खरं घेणारे आणि खोटं घेणारे, दोघांचाही आजार सारख्याच गतीने पुढे गेला. हे दार बंद आहे हे आता सगळ्या जगाला कळलं, तेही तुमच्यामुळे, म्हणाल्या. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून त्या गुठळ्यांचा माग लवकर काढता येऊ लागलाय, तेव्हा पुढची औषधं हात थरथरायच्या आधी देऊन बघता येतील, असंही म्हणाल्या. कोणाला काय मिळालं होतं ते हवं तर आता सांगू, म्हणाल्या. पुढच्या रांगेत एक गृहस्थ रडायला लागले. त्यांची बायको त्यांची पाठ थोपटत होती आणि समोसा दुसऱ्या हातात तसाच होता.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिथे एवढी माणसं हरली होती, माझी आई त्यांत होती, आणि मला बरं वाटत होतं. काकीच्या तोंडचं मी काहीही काढलं नव्हतं, कारण त्या कॅप्सूलचा कोणालाच उपयोग नव्हता. आईला खरी मिळत होती की खोटी, हे मी विचारलंही नाही.

आईला हॉलमध्ये सगळं नीट ऐकू आलं नव्हतं. परतताना रिक्षात तिने विचारलं, काय म्हणाली डॉक्टरीण. मी तिला सांगितलं. जरा घाईनेच सांगितलं, दोनदा सांगितलं. औषधाचा कोणालाच उपयोग झाला नाही, आई. काकीला ते मिळत राहिलं असतं तरी काही फरक पडला नसता. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस, म्हटलं. खरं तर ते मी मलाच सांगत होते, आणि आता तिने माझा राग सोडावा एवढीच माझी इच्छा होती.

आई बाहेर बघत होती. रिक्षा जोगेश्वरीच्या पुलाखाली थांबली होती आणि तिचा उजवा हात मांडीवर आपल्या लयीत हलत होता. माझ्यावरचा राग तिच्या तोंडावर नव्हता. तसं तोंड मी तिचं आधी बघितलं नव्हतं.

"मंजे मी तिला कायच नाय दिलं," आई म्हणाली.

रिक्षा सुटली. मी तिचा हात धरला, आणि तो माझ्या हातात थरथरत राहिला, घर येईपर्यंत.