आटे जुळले, नाकं आडवी आली

हायड्रॉलिक पाईपच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. त्यानं फक्त एक पाटी लावायची, 'जुना नमुना आणल्याशिवाय पाईप मिळणार नाही', आणि आत जाऊन बसायचं. बाकीचं काम गिऱ्हाईक करतं.

अकोल्यात माझं दुकान आहे. ट्रॅक्टर, डंपर, प्रेस, ज्यात ज्यात तेलाच्या दाबानं काही उचललं जातं, त्याचे पाईप आणि पाईपच्या टोकाच्या फिटिंग मी करून देतो. एकानं नमुना म्हणून तळहातावर बॉलपेननं फिटिंगचं चित्र काढून आणलं होतं. दुकानाशेजारी त्यानं आधी पोहे खाल्ले, स्वच्छ हात धुतले आणि मग माझ्यासमोर येऊन हात उघडला! दुसऱ्यानं पाटी फारच मनावर घेतली. पाईप न काढता त्यानं ट्रॉलीसकट आख्खा ट्रॅक्टर आमच्या गल्लीत घातला. तो मागं काढेपर्यंत दुपार झाली आणि गल्लीतल्या सगळ्यांनी मला पाटी उतरवायला सांगितलं.

असं पुष्कळ साठलंय. पण वरूडचे सुधाकरराव एकटेच इतके किस्से देऊन गेलेत की बाकीच्यांचा नंबर लागत नाही.

*

सुधाकरराव पहिल्यांदा आले ते गणपती उठले त्या आठवड्यात. साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, डावा पाय जरा ओढत चालणारे. वरूडहून अमरावती आणि अमरावतीहून अकोला, दोन एसट्या बदलून एकटे आले होते. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ दातानं धरली आणि उजव्या हातानं सोडली. आत फुटलेल्या पाईपचं टोक होतं, नटासकट.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं. घरी संत्र्याची बाग. आई एकटी किती करणार म्हणून पुण्याचा मुलगा म्हणत होता, बाग ठेक्यानं देऊन टाकू. सुधाकररावांनी त्यावर काय करावं? एका लिलावातून परदेशी बनावटीचा छोटा ट्रॅक्टर उचलून आणला, पुढं माल उचलायचं लोडरचं सूप लावलेला.

"मोठ्या ट्रॅक्टरले क्लच लागते, भाऊ," ते म्हणाले. "माहा डावा पाय आता क्लच मानत नाही. याले क्लचच नाही. उजव्या पायानं पुढं-मागं आन उजव्या हाताशी एक दांडी. मले जे उरलं तेवढंच याले लागते."

आणल्यावर चौथ्या दिवशी पाईप फुटला. मुलाशी बोली झाली ती अशी की दिवाळीला तो घरी येईल तेव्हा यंत्र चालत असलं, तर बाग सुधाकररावांकडे. नाही तर ठेका. मी विचारलं, कंपनी कोणती?

"नाव वाचता येत नाही," ते म्हणाले. "पण शिक्का इमानदार वाटते."

*

आता माझ्या हुशारीचा किस्सा. तो मीच सांगितलेला बरा, नाही तर दुसरे तिखटमीठ लावून सांगतात.

नटाचे आटे मी माझ्या मालाशी लावून पाहिले. दोन बोटांनी फिरवला आणि नट सरसर बसला. परदेशी यंत्र म्हणून मी घाबरलो होतो, आणि आटे निघाले आपल्या रोजच्या मापाचे! मी सुधाकररावांना म्हटलं, सात समुद्रापलीकडून आलं तरी शेवटी अकोल्याचंच निघालं. चहा मागवला, पाईप कापला, टोक दाबून दिलं आणि त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेलो. नटाच्या आतलं बसकं, म्हणजे जिथं टोक टेकून तेल अडतं ती जागा, कुणीतरी आधीच ठोकून चपटं केलं होतं, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. तिथंच चुकलो.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज अगदी शांत होता. "भाऊ, आमच्या गोठ्याची भिंत पाहाले या. तुमच्या पाईपानं निम्मी रंगवली. उरलेली निम्मी कधी करता?"

*

मी दुसरा नट पाठवला. तोही गळाला. मग गावातल्या नामदेव मिस्त्रीला राहवेना. मिस्त्रीचं सगळं आयुष्य मोटरपंपात गेलेलं, आणि पाण्याच्या पाईपला गळती लागली की त्यावर एकच औषध: सूत आणि सफेदा.

त्यानं आट्यांवर सूत गुंडाळलं, सफेदा फासला, पान्ह्याला लोखंडी नळी लावून लोंबकळून आवळलं. यंत्र सुरू झालं. सूप गुडघ्याइतकं वर गेलं. टाळ्या पडल्या म्हणे. आणि मग त्या फटीतून पांढरं सूत शेवयांसारखं बाहेर आलं आणि मागून तेल.

मी फोनवर ओरडलोच. हे पाणी नाही, हा दाब कातडीतून आत शिरतो, गळती हातानं चाचपू नका, पाईपजवळ उभे राहू नका, सगळं सांगितलं. मिस्त्रीनं ते ऐकून घेतलं आणि सुधाकररावांकडं निदान दिलं, "गिरणीचं सूत हाये ना. घरचं असतं तं टिकलं असतं."

*

दसरा झाला तसा मीच अस्वस्थ झालो. घरी जठारपेठेत जेवताना बायको म्हणाली की तुम्ही आजकाल पोळीचीही कड तपासता. एक दिवस दुकान बंद केलं आणि सुधाकररावांना अमरावतीला बोलावलं.

पहिल्या दुकानदारानं नट हातात घेतला, दोन बोटांनी फिरवला, सरसर बसवला आणि म्हणाला, अहो हे तर आपलंच माप! चहा मागवला. माझंच तोंड आरशात पाहिल्यासारखं वाटलं. चहा पिऊन निघालो.

दुसऱ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी नटाकडं पाहिलंच नाही, यंत्राकडच्या टोकाचा फोटो मागितला. सुधाकररावांच्या फोनमध्ये तो होता. म्हाताऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला आणि मला समजावलं. आपल्याकडं पाईपच्या टोकाला निमुळतं नाक असतं आणि यंत्राकडं खळगा. नाक खळग्यात बसतं, तेल अडतं. या यंत्राकडं खळगा नाहीच, तिथंही नाकच. आटे कितीही आवळा, आत नाकाला नाक भिडतं आणि तेल बाजूनं निघून जातं.

"पत्रिका जुळली," ते म्हणाले, "नाकं आडवी आली. असे संसार लय पाह्यले आमी."

आमचं हसणं होईपर्यंत त्यांनी पुढचं सांगितलं. हा माल इकडं कुणी ठेवत नाही, बाहेरून मागवावा लागेल, दोन महिने धरा. दिवाळी जेमतेम अडीच आठवड्यांवर होती.

आम्ही बसस्टँडवर येऊन बाकड्यावर बसलो. मला फार वाईट वाटत होतं. एवढी वर्षं धंदा करून मी या माणसाला खळगा आणि नाक ओळखून दिलं नव्हतं, त्यात त्यांचे चार आठवडे गेले. मी तसं म्हणालोही.

सुधाकरराव म्हणाले, "पोरगं चुकीचं नाही सांगत, भाऊ. ठेकेदारही बाग चांगलीच पाहीन. पण मी घरात बसून दुसऱ्याच्या आवाजात माही बाग आयकू का?"

*

त्याच म्हाताऱ्यांनी जाता जाता सुचवलं होतं की नांदगाव पेठेला कापडाच्या युनिटांत परदेशी मशिनी आहेत, तिथल्या मेंटेनन्सवाल्यांना विचारा. म्हणून आम्ही बाकड्यावरून उठलो आणि तिकडं गेलो.

एका गेटवर सिक्युरिटीवाल्यानं रजिस्टर पुढं केलं. नाव, गाव, गाडी नंबर. मग विचारलं, कोणाले भेटाचं? कोणाला भेटायचं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मग कामाचं स्वरूप विचारलं. सुधाकररावांनी सरळ सांगितलं, "नाक पाहाचं हाये." त्या माणसानं आमच्याकडं एकदा पाहिलं आणि रजिस्टरमध्ये व्यवस्थित अक्षरात लिहिलं: नाक पाहणे!

पण गडी भला होता. त्यानं आत फोन करून मेंटेनन्सच्या साहेबाला गेटवर बोलावलं. साहेब फोटो पाहून लगेच म्हणाले की असे नट त्यांच्याकडं नाहीत, आणि आम्ही शोधूही नये. "शोधत बसाल तर दिवाळी जाईल. बनवून घ्या. एका बाजूला खळगा यंत्राच्या नाकासाठी, दुसऱ्या बाजूला खळगा तुमच्या नाकासाठी. मधला जोड. फक्त नाकाचा कोन बरोबर काढा."

इतका सरळ उपाय मला सुचला नव्हता. माझ्या दुकानाला लागून लेथवाल्या खरादीचं दुकान आहे, आणि मी जोड शोधायला जिल्हा ओलांडून आलो होतो.

*

शेजारचे रज्जाकभाई खरादी. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, "देखते." लग्नाचं आमंत्रण द्या, देखते. लेथवर काम द्या, देखते. त्यांनी सगळं ऐकलं, देखते म्हणाले आणि कोन मागितला. फोटोवरून कोन निघत नाही. यंत्राचं टोक सिलिंडरला वेल्ड केलेलं, ते सुटत नाही. यंत्र अकोल्याला आणायचं तर गाडी करावी लागणार. मी फोनवर म्हटलं, छाप घेऊन पाठवा, कणकेत घ्या.

कणीक वरूडहून एसटीनं निघाली, स्टीलच्या डब्यात, वरून फडकं बांधून. दोन बस बदलून संध्याकाळी अकोल्याला पोचली तेव्हा फुगून डब्याच्या झाकणाला चिकटली होती. छापेच्या जागी नुसती बेंबी उरली होती. रज्जाकभाईंनी डबा उजेडात धरून तिला चहूबाजूंनी पाहिलं. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच वेगळं वाक्य निघालं.

"इसका तो पराठा होता."

मी परत फोन लावला. तो सुधाकररावांच्या बायकोनं, शोभावहिनींनी घेतला. "मी पहिलेच म्हटलं होतं, कपड्याच्या साबणात घ्या," त्या म्हणाल्या. "साबण फुगत नाही. पण कणीकही माहीच आन साबणही माहाच, मंग माहं आयकते कोण?"

दुसऱ्या दिवशी साबणाची वडी आली. वहिनींनी नाकावरचं तेल पुसून वडी सरळ दाबली होती, न हलवता काढली होती आणि दोऱ्यानं मधोमध कापलीही होती, म्हणजे नाकाचा उतार स्वच्छ दिसावा! रज्जाकभाईंनी कोन लावून पाहिला, परत पाहिला, आणि वडी कागदात गुंडाळून लेथच्या वरच्या फळीवर ठेवली. त्या फळीवर ते फक्त चांगली हत्यारं ठेवतात.

चार दिवसांनी त्यांनी पोलादी जोड माझ्या हातात दिला. त्यांच्या टेबलावर तसाच आणखी एक पडलेला होता. मी विचारलं, तो?

"वो मत ले जाओ. वो जल्दी में बना."

*

वसुबारसेच्या दिवशी मी आणि रज्जाकभाई वरूडला गेलो. मुलगा आदल्या दिवशीच पुण्याहून आला होता. अंगणात यंत्र उभं, त्याला हार घातलेला, बाजूला नारळ आणि संत्र्याचे रिकामे क्रेट रचून ठेवलेले. नामदेव मिस्त्रीही आले होते, खिशात सुताचं गुंडाळं दिसत होतं. आमच्या मागं फाटकापाशी ठेकेदाराचा माणूसही येऊन उभा राहिला. त्याला मुलानं बोलावलं होतं की तो आपणहून आला, हे मी विचारलं नाही.

जोड बसवला. आधी हातानं, मग पान्ह्यानं, नळी न लावता. सुधाकरराव सीटवर चढले. चढायला वेळ लागला, मुलगा पुढं झाला, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. यंत्र सुरू केलं, दांडी ओढली. सूप वर गेलं, गुडघ्याच्या वर, कमरेच्या वर, माणसाच्या डोक्याच्या वर, आणि तिथं थांबलं. रज्जाकभाईंनी जोडाखाली पुठ्ठा धरला. पुठ्ठ्याकडं इतका वेळ पाहिलं की मीही खाली वाकलो. मग तो पुठ्ठा त्यांनी मुलाच्या हातात दिला. मुलानं उलटून पालटून पाहिला. कोरडा होता.

शोभावहिनींनी नारळ फोडला. मुलानं एक क्रेट उचलून पुढं आणला, पहिला उचलायचा मान त्या क्रेटाचा म्हणून.

सुधाकररावांनी क्रेटाकडं पाहिलं नाही. सूप खाली घेतलं, स्टिअरिंग वळवलं, परत दांडी धरली. हळूहळू, एका वेळी एक काम करत, यंत्र ओसरीकडं नेलं. ओसरीच्या कडेला एक लोखंडी पलंग होता, दवाखान्यात असतो तसला, उशाशी दांडा असलेला; वारं गेल्यापासून सुधाकररावांची तीच जागा. वर गादी, गादीवर चादर, उशाशी औषधांचा डबा आणि पाण्याचा तांब्या. सूप पलंगाखाली गेलं. तांब्या कलंडला. पलंग जमिनीवरून उचलला गेला, एकदा डुलला आणि स्थिर झाला.

यंत्र अंगणातून निघालं, क्रेटांना वळसा घालून, फाटकापाशी उभ्या माणसाला बाजूला व्हायला लावून, बागेच्या वाटेला लागलं. संत्र्याच्या दोन ओळींमधून तो पलंग चादरीसकट जाताना दिसत होता. पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला. तिथं सूप कललं आणि पलंग बांधापलीकडं जाऊन पडला.

मुलगा पुठ्ठा हातात धरून उभा होता. मी रज्जाकभाईंकडं पाहिलं, ते दुसरीकडं पाहत होते.

शोभावहिनींनी पदरानं डोळे पुसले, बांधाकडं तोंड केलं आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक दिली,

"अवो, गादी तरी काहाडू द्याची होती!"