घटनेतलं चौदावं वर्ष

घटनेचा धाक दाखवून मी एका पोरीची शाळा सोडवली. सोडवायची नव्हती, टिकवायची होती. पण माझ्या शहाणपणाची गाडी नेहमी अशीच उलटी जाते.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, खळ घातलेली साडी नेसून मिरवणारी, आणि गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत 'शिक्षणप्रेमी' म्हणून घेतलेली बाई. म्हणजे घरचं कुणी शाळेत नाही, पण तोंड मोठं, म्हणून घेतलेली. मेहकरला समितीवाल्यांचं प्रशिक्षण झालं, तिथून मी कलम एकवीस-क पाठ करून आले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हा मूलभूत हक्क. आईबापाचं कर्तव्यही त्याच पुस्तकात. मग काय, फोडणी देतानासुद्धा माझं कलम सुरू. घरचे माझ्यासमोर जेवायला बसेनात.

आमची शाळा सातवीपर्यंत. पुढे एसटीने डोणगाव. भाजीचा मळा करणाऱ्या एकाची मुलगी सातवी पास झाली आणि बापाने तिला घरी बसवलं. मी गुरुजींना घेऊन थेट मिरचीच्या वाफ्यात.

"सातवी झाली ना काकू. आता मिरच्या तोडाले कोन येईन, तुमी?"

"मी काऊन येऊ? घटनेत लिहेल हाये, पोरगी शाळेत पाह्यजे."

"कोनाच्या घटनेत?"

"देशाच्या! तुह्या न् माह्या. सहा ते चौदा."

तो वाफ्यातून उठला. "चौदा म्हंता?"

"चौदा!"

"पक्कं?"

"सरकार बदललं तरी चौदा."

मागे गुरुजी सारखे खाकरत होते. मला वाटलं, मिरचीचा ठसका लागला.

बाप शब्दाचा पक्का निघाला. पोरगी डोणगावला जाऊ लागली. एसटी चुकली तर बाजाराची भाजी बांधावर ठेवून तो तिला मोटरसायकलवर सोडून यायचा. ऐन तोडणीतही त्याने तिची शाळा बुडू दिली नाही. मी बैठकीत मान ताठ करून सांगायची, बघा, घटना मळ्यापर्यंत पोचवली. पोरीला नर्स व्हायचं होतं. माझं बीपी ती नुसतं मनगट धरून सांगायची. बहुतेक ठोकूनच देत असावी.

ती नववीत असताना, दिवाळीनंतर, तो आमच्या ओट्यावर आला. हातात वांग्यांची पिशवी.

"काकू, काल तिले चौदा पुरे झाले. आता घटनेचं काही बाकी नाही ना आपल्याकडं?"

टोमणा नव्हता. नवस फेडून आलेल्या माणसासारखा तो खरंच विचारत होता.

मी म्हणाले, "नाही."

एवढंच. सांगता आलं असतं की बाबा, चौदा हा कमीत कमीचा आकडा आहे. तिथवर सरकारला हात झटकता येत नाहीत, पुढे शिकू नये असं कुठेच लिहिलेलं नाही. पण ज्या तोंडाने चौदा ठणकावलं, त्यातून काहीच निघेना. वाईटही वाटत नव्हतं. दात काढताना गाल बधिर होतो ना, तसं सगळं. मी वांगी टोपलीत ओतली, पिशवी झटकली, घडी घालून परत दिली. संध्याकाळी त्याच वांग्यांची भाजी केली. मीठ कमी पडलं की जास्त, मला कळलं नाही; घरच्यांनीही सांगितलं नाही.

गुरुजी मळ्यात जाऊन आले. बाप त्यांना म्हणाला, "काकूले इचारून आलो ना मी." मग त्यांनीही विषय सोडला. उद्या आपण जाऊ, असं मी रोज ठरवायची आणि तूर निवडत बसायची.

आठवडी बाजारात तिची आई भाजी घेऊन बसली होती. पोरगी मागे मिरच्या निवडत होती, तिने मान वर केली नाही. मी पाव किलो मिरची मागितली. आईने तराजू उचलला, आणि काट्यावरची नजर न काढता, आवाज न चढवता बोलली:

"काकू, त्याले थोडीच वाचता येते घटना? तुमी सांगसान थेच खरं होतं त्याच्यासाठी. अठरा सांगाले काय पैसे पडत होते तुमाले?"