चर्चचं छत आणि भोपळ्याचा लिलाव

आमच्या लखनौच्या चर्चच्या छताचा तुकडा पडला तो थेट माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या उघड्या पर्समध्ये. प्रार्थना चालली होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि त्या रुमाल शोधत होत्या. त्यांनी गिलाव्याचं ते ढेकूळ बाहेर काढलं, उलटसुलट करून पाहिलं, परत पर्समध्ये ठेवून चेन लावली आणि "आमेन" म्हणाल्या. बाहेर आल्यावर आईला म्हणाल्या, "विहीणबाई, लग्न आपण नगरलाच करू. तिथलं छत जागच्या जागी असतं."

आईचा चेहरा पार उतरला. मुलगा लखनौमधल्याच एका संशोधन संस्थेत होता आणि सासूबाई दिवाळीच्या सुमाराला नगरहून त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. लग्न जानेवारीत इथंच करायचं असं ठरत आलं होतं. बाबा एअरफोर्समध्ये, त्यामुळे आमचा संसार कायम पेट्यांत. लखनौला तेवढे आम्ही काही वर्षं टिकलो. "पोरीचं माहेर कुठलं म्हणायचं?" आई बाबांना म्हणाली. "क्वार्टर? उद्या बदली झाली की तिथं दुसऱ्याचे कपडे वाळत असतील. एक हे चर्च तेवढं आपलं. लग्न इथंच व्हायला पाहिजे." एरवी आमच्यावर ओरडणाऱ्या आईचा आवाज तेव्हा कापत होता. मलाच रडू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी छतासाठी निधी कसा जमवायचा यावर कमिटी बसली. आईला कुणी बोलावलं नव्हतं. ती समोसे घेऊन गेली, मग ऊठ कोण म्हणणार? समोशांची परात धरायला मी.

सेक्रेटरी होते निवृत्त उर्दू प्राध्यापक. त्यांनी आवाहन लिहून आणलं होतं. ते इतकं अदबशीर होतं की त्यात पैसे मागितलेत हे शेवटपर्यंत कुणाला कळेना. "ज़हमत न हो तो छत की जानिब एक नज़र फ़रमाइए." रविवारी ते छापून वाटलं. लोकांनी खरोखरच मान वर करून एक नजर टाकली, "वाक़ई, बहुत ख़राब है" म्हणाले आणि घरी जेवायला गेले.

पुढच्या बैठकीत आईनं सूत्रं हातात घेतली. "हमारे नगर में हार्वेस्ट को लिलाव होता है," ती म्हणाली. हार्वेस्ट म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा रविवार. आमच्याकडे त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं काही ना काही देवाला आणतात आणि मग त्यावर बोली लागते. एका कोंबडीसाठी सख्खे भाऊ इरेला पेटतात आणि त्यातून चर्चला नव्या खिडक्या बसतात. लखनौला मात्र वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावून विकायची पद्धत. "कोशिश में क्या हर्ज है, बहन जी," पादरीसाहेब म्हणाले. त्यांना तिसरा समोसा हवा होता.

हार्वेस्टच्या रविवारी चर्चच्या अंगणात टेबलं मांडली. क्वार्टरच्या कुंपणावर वाढवलेला भोपळा आईनं रिक्षातून मांडीवर बसवून आणला. सासूबाई पहिल्या रांगेत, पर्सची चेन लावून.

पहिला केक निघाला. सेक्रेटरीसाहेब खाकरून म्हणाले, "दस रुपये."

"दस रुपया एक वार," आई म्हणाली. "अरे भाईसाब, आगे बोलो ना."

एक डॉक्टर होते, त्यांनी कानाला हात लावला. "साहब ने फ़रमा दिया. अब हम उनसे बढ़कर बोलें? ऐसी बदतमीज़ी हमसे न होगी."

गेला केक दहा रुपयांत. मग पेरूची टोपली, लोणचं, दोन कोंबड्या, सगळं असंच. जो पहिल्यांदा तोंड उघडेल त्याला वस्तू, आणि बाकीचे त्याचं अभिनंदन करणार. माझा नुसता जळफळाट होत होता. एवढी सभ्यता घेऊन काय करायचंय, डोक्यावर लिंपायचीय? सासूबाई मुलाला मराठीत, म्हणजे कुणाला कळणार नाही अशा खात्रीनं मोठ्यांदा, म्हणाल्या, "हा लिलाव आहे की सांत्वनाची सभा?"

शेवटी भोपळा राहिला. "पाँच रुपये," सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

आई तीन वार म्हणणार तेवढ्यात थांबली. दर रविवारी फाटकाबाहेर एक तमाशा चालायचा, तो तिला आठवला असावा. सेक्रेटरीसाहेब आणि कमिटीतल्या निवृत्त प्रिन्सिपलबाई एकमेकांचं रिक्षाभाडं देण्यावरून भांडायचे. ते मिटेपर्यंत रिक्षावाल्याची एक बिडी ओढून व्हायची.

आई प्रिन्सिपलबाईंकडे वळली. "मैडम, हर बार साहब को ही खर्चा करना पड़ता है. आज भी उनको ही करने दोगी आप?"

"हरगिज़ नहीं," बाई उठल्याच. "आप तकलीफ़ न कीजिए. बीस मेरी तरफ़ से."

"आप मुझे शर्मिंदा कर रही हैं. पचास."

"बुज़ुर्ग देते रहें और हम बैठे देखें?" डॉक्टर म्हणाले. "सौ."

मग काय, ठिणगी पडली. प्रत्येक जण दुसऱ्याला खर्चातून वाचवायला धावत होता. हात जोडून, एकमेकांच्या कोपराला धरून, "मुझे देने दीजिए" करत लोकांनी तो भोपळा पाचशेवर नेला.

"हजार."

सासूबाई. एक हात सरळ वर. जोडणं नाही, काही नाही.

"आप तो मेहमान हैं," सेक्रेटरीसाहेब कळवळले. "आप क्यों तकलीफ़..."

"तकलीफ़ कुछ नहीं. मेरेको भोपळा चाहिए. आगे बोलना है तो बोलो."

पाहुण्यांच्या पुढे बोलायची कुणाची छाती होईना. आई तर तीन वार म्हणायचंच विसरली. "म्हणा की, विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या, "हात दुखला माझा." मग त्यांनी पर्स उघडली, पैसे टेबलावर ठेवले, आणि शेजारी गिलाव्याचं ते ढेकूळ. "हे तुमचंच आहे. वर लावायला होईल."

एवढं झाल्यावर केकवाले, पेरूवाले, कोंबडीवाले ओशाळून आपापल्या वस्तू परत घेऊन आले आणि लिलाव पहिल्यापासून सुरू झाला. छताची सोय झाली. पण सासूबाई लग्नाबद्दल एक अक्षर न बोलता भोपळा काखोटीला मारून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन घरी आल्या. आईनं चहाला पण विचारलं नाही. "मग लग्न?" ती म्हणाली.

सासूबाईंनी डबा उघडला. आत घारगे होते, अजून गरम. "खा आधी. सुनेच्या माहेरचा भोपळा आहे. आणि त्या गवंड्याला सांगा, मी बसते त्या बाकावरचं छत आधी करायचं. लग्नाच्या दिवशी नवी पर्स असणार आहे माझी."

आई घारगा हातात धरून तिथंच रडायला लागली.

"गूळ कमी पडला का गं?" सासूबाईंनी मला विचारलं.