मिस्तरींचं हलकं काम

"उचली दखा."

नवं कपाट तयार झालं की आमचे मिस्तरी हाताची घडी घालून बाजूला उभे राहत आणि गिऱ्हाइकाला एवढंच म्हणत. गिऱ्हाईक बिचारं कपाटाला मिठी मारी, तोंड लाल करी, कपाट जागचं हलत नसे. मग मिस्तरी दाढीवरून हात फिरवत. जे उचलायला चार माणसं लागत नाहीत ते त्यांच्या लेखी फर्निचरच नव्हे, खोकं. शहाद्यातल्या निम्म्या लग्नांचे पलंग त्यांच्या हातचे. पलंगावर समोरच, दाराशी उभं राहिलं तरी दिसावं असं, एक पिंपळपान कोरलेलं असे. ती त्यांची सही. सासरची मंडळी आधी पान बघत, मग सून.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि माझं घर त्यांच्या कारखान्याला लागून. निवृत्त माणसाला शेजाऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायला वेळच वेळ असतो, हे तुम्हाला सांगायला नको. एक दिवस मिस्तरींनी मोबाईलच माझ्या नाकापुढे धरला. कुठल्याशा परदेशातली शिडाची होडी. लांब, निमुळती, पोटात पलंग, शेगडी, बाकं असं अख्खं घर, आणि वर शीड फुगवून ती सुसाट चाललेली.

"सर, अशी एक काढी द्या कागदवर."

मी म्हटलं, मिस्तरी, आपल्याकडे समुद्र कुठाय?

"तापी शे ना."

हसू नका, मीही आधी हसलो होतो. भाभींच्या, म्हणजे मिस्तरींच्या बायकोच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. बसणं बंद, उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. त्यांचं माहेर प्रकाशा गावाच्या वरच्या अंगाला, तापीकाठच्या एका गावात, आणि तिथला रस्ता असा की धडधाकट माणसाचीही हाडं जागा बदलतात. तिथं त्यांची म्हातारी आई. तिला दिसत नव्हतं, त्यामुळे मोबाईलवर चेहरा दाखवायचीही सोय नाही. दोन वर्षं ती फोनवर एकच विचारत होती, कधी येशील. मासे धरणाऱ्या भोयांच्या इंजिनाच्या डोंगीतून नेऊन पाहिलं, तर थरथरीनं भाभी अर्ध्या वाटेतून परत आल्या. आता राहिलं शीड. उन्हाळ्यात गुजरातकडचा वारा सकाळी दहाला सुटतो, दिवेलागणीला पडतो. तेवढ्या वेळात जाऊन यायचं तर होडी पळणारी हवी, आणि भाभींसाठी आत निजायची सोय हवी. माणूस वेडा नव्हता हो.

मी पंधरा दिवस वाचलं, व्हिडिओ पाहिले. समुद्र न पाहिलेला मास्तर समुद्राच्या होडीचं चित्र काढत होता. पण मी जन्मभर पोरांना न पाहिलेला हिमालय काढायला लावला, त्यापुढे हे काहीच नाही. मिस्तरींना समजावलं: होडी लांब आणि अरुंद हवी, म्हणजे पाणी कापत जाईल. शीड मोठं हवं. मोठ्या शिडात वारा भरला की ती कलंडणार, म्हणून पोटाखाली लोखंडाचं जड पातं हवं, आणि पाणी उथळ आलं तर ते विहिरीच्या गडगडीनं वर ओढता यायला हवं.

"म्हंजे वजन पायजे," मिस्तरींचा चेहरा उजळला.

मी म्हटलं, वजन फक्त पात्याला. वरचं सगळं हलकं, पापडासारखं. ते मान डोलावत होते. माझं हे शेवटचं वाक्य त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

हिवाळाभर काम चाललं. भाभींनी ओट्यावर हातमशीन ठेवून, उभ्यानं, मांडवाच्या कापडाचं दुहेरी शीड शिवलं. होडीच्या आतलं काम मात्र मिस्तरींनी मला पाहू दिलं नाही. शेवटी होडी उसाच्या ट्रॉलीवर चढली, वाटेत वजनकाट्यावर थांबली. ट्रॉली वजा जाता होडीचं वजन माझ्या अंदाजाच्या दुप्पट निघालं. मिस्तरी मात्र ती पावती भेटेल त्याला दाखवत सुटले, पोराची मार्कशीट दाखवावी तशी.

प्रकाशाच्या घाटावर मी आत डोकावलो. सागवानी पलंग, उशाशी आरसा, खणांचं कपाट, कपबशांची मांडणी, आणि पान कोरायला समोरच राखून ठेवलेली जागा. मी कपाळावर हात मारला.

होडी पाण्यात उतरली ती खिडकीपर्यंत बुडूनच उभी राहिली. भाभी नानकटाईचा डबा उशाशी घेऊन पलंगावर आडव्या झाल्या. शीड फुगलं. होडीनं सावकाश काठ सोडला, आणि पोहत चाललेल्या पाच-सहा म्हशी आम्हाला मागे टाकून पुढे गेल्या.

"मिस्तरी, कपाट तरंगी ऱ्हायनं," काठावरून एक भोई म्हणाला.

दुपार कलली तरी आम्ही पहिल्याच वळणावर. शेवटी भोयांनीच दोर बांधून आम्हाला ओढत परत आणलं. आईसाठी केलेली नानकटाई भाभींनी त्या भोयांना वाटून टाकली, शेवटची वडीसुद्धा.

ते पाहून माझं डोकं फिरलं. कारखान्यात पोचताच मी सुनावलं, पलंग काढा, कपाट काढा, आरसा तर आधी काढा.

"हलकं काम मन्हा हातले येत नही, सर."

मग भाभींना माहेर विसरायला सांगा, म्हणालो. फार लागेल असं बोललो, पण बोललो. चार दिवस मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी भाभी शिडाच्या उरल्या कापडाची एक झोळी घेऊन कारखान्यात आल्या. पाड्यावरच्या बाया पोरांना निजवायला बांधतात तशी, फक्त माणसाएवढी.

"माले पलंग नको," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माले माय पायजे."

मिस्तरींनी स्क्रूड्रायव्हर उचलला. पलंग गेला, कपाट गेलं. राहिलेल्या आडव्या दांड्यांवर, फळ्यांवर रंधा फिरवताना त्यांचं तोंड पाहवत नव्हतं. रोज संध्याकाळी मला बोलवायचे आणि पडलेल्या आवाजात म्हणायचे, "उचली दखा." मी फळी दोन बोटांनी उचलायचो, ते दुसरीकडे बघायचे. लोक विचारायचे, मिस्तरी, यावर पान कुठाय? ते म्हणायचे, खोक्यावर कोणी सही करतं का.

त्या उन्हाळ्यात होडी पळाली. खरंच पळाली हो. भाभी झोळीत, मी शिडाच्या दोरावर, मिस्तरी सुकाणूवर. म्हशी मागे पडल्या तेव्हा या माणसानं उभं राहून त्यांना सलाम केला. दुपारी माहेरच्या काठाला लागलो. म्हातारीनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, गळा काढून रडली, पोटभर रडली. मग डोळे पुसून तिनं होडी चाचपली, बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिली.

"जावई, हाई ते पोकळ शे."

परतताना वारा समोरून, म्हणून आम्ही या काठावरून त्या काठाला तिरके जात जात प्रकाशाला आलो. होडी हाताबाहेर गेली समजून भोई दोर घेऊन तयारच उभे होते.

पुढे दोन उन्हाळे दर आठवड्याला ही फेरी झाली. तिसऱ्याच्या आधी मिस्तरी गेले. कारखान्यातच, कानावर पेन्सिल तशीच. आता रंध्याचा आवाज येत नाही, आणि माझी सकाळ सुरूच होत नाही.

परवा भाभी दारात उभ्या. "सर, वारा सुटी गया." म्हातारी आहे अजून. सुकाणू आता माझ्याकडे. निघण्याआधी झोळीच्या गाठी तपासाव्यात म्हणून मी स्वतःच आत आडवा झालो, आणि वर नजर गेली. छताच्या आतल्या अंगाला, निजलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर, पिंपळपान होतं. बाहेरून कितीही वाकलं तरी दिसलं नसतं. त्यांच्या कुठल्या पलंगावर इतकं नाजूक पान मी पाहिलं नव्हतं.

मी बाहेर आलो. भाभी माझ्या तोंडाकडे पाहून समजल्या.

"मी पहिल्याच दिनले ईचारं, वजन वाढनं ना?" त्या म्हणाल्या. "तर म्हने, पान कोरं का वजन कमीच व्हस."